उमेदवाराचा जमाखर्च आणि अथालचा मतदार



सिलवासाहून नरोलीच्या वाटेवर वसलेल्या अथाल गावातून आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांतून जे श्रोते हे भाषण ऐकत असतील, त्यांच्यापैकी कित्येकजण नंदुरबार, धुळे, जळगाव अशा मुलखांतून उदरनिर्वाहासाठी इकडे आलेले असतील, आणि काहींच्या घरी नुकतेच अठरावे वर्ष पुरे केलेला मुलगा किंवा मुलगी असेल. त्या सर्वांशी आज मला निवडणुकीतल्या पैशाविषयी बोलायचे आहे. मत द्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु ते मत मागण्यासाठी किती द्रव्य खर्च झाले, हे तपासून पाहण्याचा अधिकारही कायद्याने मतदाराला दिलेला आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

या प्रदेशातल्या मताधिकाराचा इतिहास निराळा आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिलवासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, पुढची सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने येथील कारभार पाहिला, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाली. परंतु लोकसभेसाठी येथील नागरिकाने पहिले मत दिले ते १९६७ साली, म्हणजे उर्वरित देशात तीन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्यानंतर. येथे विधानसभा नाही. २०२० साली दमण व दीवशी एकत्रीकरण झाल्यावरही ती आली नाही. ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत आणि नगरपरिषद वगळली, तर कायदे करणाऱ्या सभेत पाठवण्याजोगा लोकनियुक्त प्रतिनिधी येथील मतदाराला एकच, आणि तोही अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवलेल्या जागेवरचा. ज्याला आमदार नाही, त्याने आपल्या एकमेव खासदाराच्या निवडणुकीचा जमाखर्च इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहावा, असे मला मनापासून वाटते.

१९५२च्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला सर्वसाधारणपणे पंचवीस हजार रुपये खर्च करण्याची मुभा होती. जानेवारी २०२२पासून मोठ्या राज्यांत ही मर्यादा ९५ लाख आणि आपल्यासारख्या लहान केंद्रशासित प्रदेशात ७५ लाख रुपये आहे. उमेदवाराने या खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे, रोजचा हिशेब नोंदवहीत लिहावा आणि ती वही खर्च निरीक्षकासमोर प्रचाराच्या काळात किमान तीनदा रुजू करावी, असा दंडक आहे. त्याच वेळी सरकारी पथक सभांचे चित्रीकरण करते, मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, वाहने यांची मोजदाद करते, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने ठरवलेल्या दरपत्रकाप्रमाणे त्यांची किंमत लावते आणि स्वतःची वेगळी वही ठेवते. उमेदवाराची वही एक सांगते आणि सरकारची दुसरे, असे झाले की त्याच्याकडे खुलासा मागितला जातो.

या व्यवस्थेत एक मोठे भगदाड आहे, आणि ते झाकून ठेवणे श्रोत्यांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली सदर मतदारसंघाच्या खटल्यात असा निर्णय दिला की, पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी त्याच्या संमतीने केलेला खर्च त्या उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे. निर्णयाची शाई वाळते न वाळते तोच वटहुकूम निघाला आणि पक्षाचा व मित्रमंडळींचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळला गेला. ही सवलत पुढे जवळजवळ तीन दशके टिकली. २००३ साली ती बरीचशी आवरण्यात आली, तरी पक्षाच्या प्रमुख प्रचारकांच्या प्रवासखर्चाला सूट राहिलीच, आणि खुद्द पक्षाने एकंदर किती खर्च करावा यावर आजही कोणतीच मर्यादा नाही. देणगीदारांची नावे गुप्त ठेवणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली, त्यामुळे अंधार थोडा कमी झाला. परंतु पक्षांच्या खर्चाला मर्यादा घालण्याचे काम संसदेने अजून केलेले नाही, आणि ते झाले पाहिजे.

आता कारखान्यातल्या बंधुभगिनींसाठी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे, मताधिकार असलेल्या प्रत्येक कामगाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळाली पाहिजे, रोजंदारीवरच्या मजुराचीही मजुरी कापता येत नाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते, अशा कामावरचा माणूस तेवढा याला अपवाद. मात्र नाव मतदारयादीत एकाच ठिकाणी ठेवता येते. आपण सहकुटुंब अथालला राहत असाल, तर नमुना ८चा अर्ज भरून गावाकडचे नाव इकडे आणावे. दोन्हीकडे नाव राहू द्यावे, असा सल्ला देणारा माणूस आपल्याला गुन्ह्यात गुंतवत असतो. विद्यार्थ्यांनी नमुना ६ भरावा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या तारखेला जो अठरा वर्षांचा होतो, तो पात्र ठरतो, आणि सतरा पूर्ण होताच आगाऊ अर्ज करता येतो. अडचण आल्यास १९५० या क्रमांकावर विचारणा करावी.

मतासाठी पैसा देणारा आणि घेणारा, दोघेही सारखेच अपराधी आहेत, आणि भारतीय न्याय संहितेप्रमाणे त्यांना एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नाही ते बेकायदेशीर होय. असे पत्रक हाती आले तर फेकू नये, जपून ठेवावे. मतदारांना केंद्रावर फुकट नेणारी उमेदवाराची गाडी हाही कायद्याच्या दृष्टीने भ्रष्टाचारच. आचारसंहितेच्या काळात अशा गोष्टीचे छायाचित्र निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या मोबाईलवरील सुविधेतून थेट पाठवता येते.

निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला, मग तो पडलेला का असेना, आपला संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दप्तरी दाखल करावा लागतो. योग्य कारणाविना न केल्यास निवडणूक आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हिशेब दाखल झाल्याची सूचना कचेरीच्या फलकावर लागते, आणि १९६१च्या निवडणूक नियमांतील ८८व्या नियमाप्रमाणे केवळ एक रुपया शुल्क भरून कोणीही माणूस तो पाहू शकतो. साक्षांकित नक्कलही मिळते. शिक्षकांना माझी विनंती आहे की नागरिकशास्त्राचा एक तास त्यांनी या कचेरीत घ्यावा. गावात जी सभा झाली, ज्या गाड्या फिरल्या, जी पत्रके वाटली गेली, त्यांच्या तारखा मुलांनी प्रचार चालू असतानाच टिपून ठेवाव्यात आणि मग हिशेबात त्या सापडतात का ते पडताळावे.

एक मुदत मात्र विसरू नये. मर्यादेबाहेरचा खर्च हा निवडणूक रद्द करण्याजोगा भ्रष्टाचार आहे, आणि त्याविरुद्ध कोणताही मतदार मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. पण निकालापासून पंचेचाळीस दिवसांतच. उमेदवाराने हिशेबासाठी आपले तीस दिवस पुरेपूर वापरले, तर तो वाचून, ताडून, वकिलाचा सल्ला घेऊन मुंबई गाठायला मतदाराच्या हाती फक्त पंधरा दिवस उरतात. म्हणून फलकावर सूचना लागली की नाही, हे निकालाच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच पाहू लागावे.