अर्धं काम करून बाहेर आलेले डॉक्टर
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी या वर्षी मला बजावलं होतं, "काहीही बोला, पण रुळांबद्दल नको." म्हणून आज मी यकृतात घुसलेल्या बंदुकीच्या गोळीबद्दल बोलणार आहे. हसू नका! मी पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमावाला, रेल्वेत पी-वेचा इंजिनियर. डॉक्टरकीशी माझा संबंध रेल्वे हॉस्पिटलच्या मेडिकल कार्डापुरता. पण हा विषय माझ्या अंगावर येऊन पडला आणि मग मीच त्याच्या मागे लागलो.

फेब्रुवारी २०१८. माझ्या गँगमधल्या एका ट्रॅकमनच्या घरी लग्न होतं, झाशीपासून तासाभरावरच्या गावात. वरात दारात आली आणि कुणीतरी हौसेनं कट्टा काढला. आपल्या बुंदेलखंडात ही हौस किती बोकाळली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. गोळी आभाळात जायची ती ट्रॅकमनच्या एकोणीस वर्षांच्या पुतण्याच्या उजव्या बरगडीखाली घुसली. शहरातल्या इस्पितळात त्याला आणलं तेव्हा मी दारात उभा होतो. पोरगं पांढरंफटक पडलं होतं.

सव्वा तासात सर्जन बाहेर आले. म्हणाले, "लिव्हर फटा है. पट्टियाँ दबाकर रखी हैं, पेट कामचलाऊ बंद किया है. गोली अंदर ही है. बाकी परसों."

पंधरा-वीस माणसं त्यांच्या अंगावर धावून गेली. खरं सांगतो, त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. "गोळीसुद्धा काढली नाही? मग सव्वा तास केलं काय?"

दोष थोडा सिनेमाचाही आहे. डॉक्टर चिमट्यानं गोळी काढतो, ती ट्रेमध्ये टण्णकन वाजते आणि हिरो वाचतो. प्रत्यक्षात माणूस मरतो तो बहुधा रक्तस्रावानं. आत राहिलेली गोळी पुष्कळदा काही त्रास देत नाही. ती शोधत बसणं हेच धोक्याचं.

यकृत म्हणजे दीड किलोचा, रक्तानं भिजलेला स्पंज. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जातं, म्हणजे हृदय जेवढं फेकतं त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. शिवायला जावं तर टाका लोण्यात घातल्यासारखा फाटत जातो. पुढून रक्त आणणाऱ्या दोन वाहिन्या आहेत, एक पोर्टल शीर आणि दुसरी धमनी. त्या पित्तनलिकेसोबत एकाच पदरातून जातात. ग्लासगोचे सर्जन जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली लिहिलं, की हा पदर दोन बोटांत दाबला तर रक्त तात्पुरतं थांबतं. त्यांचे ऑपरेशन केलेले रुग्ण वाचले नाहीत, पण त्यांची चिमूट आज प्रत्येक सर्जन वापरतो. दाबूनही रक्त येतच राहिलं, तर समजायचं की यकृताच्या मागची मोठी शीर फाटली आहे. आम्ही एक व्हॉल्व बंद करून गळती कुठल्या बाजूची आहे ते बघतो, तसंच हे.

पहिल्या महायुद्धात यकृताला जखम झालेल्या तिघांपैकी दोघे दगावत. दुसऱ्यात ते प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आलं. पण यकृताच्या भोकात कापड कोंबण्याची जुनी रीत तेव्हा बदनाम झाली. आत पू व्हायचा आणि कापड ओढताना पुन्हा रक्त सुटायचं. मग पुढची काही दशकं असा आग्रह, की जे काय करायचं ते एकाच बैठकीत पुरं करा. टेबलावर माणूस थंड पडत जायचा. थंड रक्त गोठत नाही. न गोठणारं रक्त वाहत राहतं, शरीरात आम्ल वाढतं, त्यानं गोठणं आणखी बिघडतं. ऑपरेशन छान झालं आणि पेशंट गेला, असा प्रकार.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पट्ट्या परत आल्या, पण आता भोकात नव्हे, यकृताच्या भोवती. फुटलेला पाव दोन्ही तळव्यांत धरून मूळ आकारात दाबावा, तशा. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी याला 'डॅमेज कंट्रोल' हे नाव दिलं. शब्द नौदलाचा: जहाजाला भोक पडलं तर आधी ते तरंगतं ठेवा, दुरुस्ती बंदरात. त्यांच्या अतिगंभीर रुग्णांत एकाच वेळी सगळं उरकलेल्या ९ पैकी १ वाचला आणि अर्धवट थांबवलेल्या १३ पैकी १०. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण मी स्वतः काय करतो? पावसात भराव वाहून गेला की वाळूची पोती, दगड टाकून लाइन उभी करतो, कॉशन ऑर्डर लावून गाडी बैलगाडीच्या चालीनं सोडतो आणि पक्कं काम पुढच्या ब्लॉकमध्ये. तेव्हा कुणी मला "अर्धं काम केलंस" म्हणत नाही.

एक जुगाड सांगायचा मोह आवरत नाही. गोळी यकृताच्या आरपार गेली तर आत लांब बोगदा होतो, तिथं हात पोचत नाही. १९९२ साली ब्राझील आणि अमेरिकेतल्या सर्जनांनी प्रसिद्ध केलेली युक्ती अशी: रबरी नळीला भोकं पाडायची, तिच्यावर मऊ रबराची पातळ नळी चढवून दोन्ही टोकं बांधायची, ती बोगद्यात सारून सलाईननं फुगवायची. आतूनच दाब बसतो. किंमत म्हणाल तर किरकोळ. डोकं मात्र इंजिनियरचं!

आता तर ज्याचा रक्तदाब स्थिर आहे, पोट मऊ आहे, अशा निवडक गोळी लागलेल्यांना सीटी स्कॅन करून, पोट न उघडताही डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. लॉस एंजेलिस आणि दक्षिण आफ्रिकेच्या इस्पितळांनी हा अनुभव जमवला, कारण दुर्दैवानं त्यांच्याकडे असे रुग्ण फार. आमच्या पोराला ती सवलत नव्हती, रक्तदाब लागतच नव्हता.

पोलीस येईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. तरी आमच्यातलेच काही जण "आधी रिपोर्ट" म्हणून गावात वेळ घालवत होते. २०१९ च्या दुरुस्तीनं लग्नातल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. वरातीत हे वाचून कोण दाखवणार, हा प्रश्न वेगळा.

दोन दिवसांत त्याला रक्त भरलं, ऊब दिली. आमच्या गँगचे अकरा जण रक्त द्यायला रांगेत होते, त्यातले तिघे आयुष्यात पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या तेव्हा यकृत कोरडं होतं. पुढे थोडं पित्त नळीवाटे गळत राहिलं, तेही थांबलं.

मी माफी मागायला गेलो तेव्हा सर्जन चहा घेत होते. म्हणाले, "पूरा करने जाता, तो वो मेज़ पर ही रह जाता." आणि माझ्यासाठीही एक चहा सांगितला.

पोरगं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतं. गोळी अजून पाठीच्या स्नायूत आहे. एक्स-रे त्यानं काउंटरमागे लावला आहे, गिऱ्हाइकांना दाखवतो.

आरतीची वेळ झाली, थांबतो. गणपती बाप्पा मोरया!