भोंग्याचा मूळ आवाज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भोंगा म्हटलं की आज आपल्या कपाळाला आठी पडते. ऐन परीक्षेच्या दिवसांतला लग्नाचा मांडव आठवतो, रात्री उशिराची मिरवणूक आठवते. ही तक्रार खोटी नाही. पण गेली काही वर्षं मी इथं भुसावळला, घराच्या ओसरीवर, जुने भोंगे दुरुस्त करतो; एखादा नवा बांधतोही. त्या अनुभवावरून सांगतो, भोंगा हा गोंगाटासाठी जन्मला नव्हता. थोडक्या शक्तीत माणसाचा शब्द दूरवर आणि स्पष्ट पोचावा, एवढ्यासाठी तो जन्मला.

अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ च्या सुमारास चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला भोंगा जोडला. १९१९ साली अध्यक्ष वुड्रो विल्सन सान डिएगोच्या मैदानावर बोलले, ते त्यांच्याच यंत्रावरून. आपल्याकडे मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे काँग्रेसच्या सभांतून दिसू लागले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर गांधीजींचा आवाज लोकांपर्यंत पोचवला तो या ‘शिकागो रेडिओ’नेच. आपल्या खानदेशाचंच बघा. तापी ओलांडली की फैजपूर. तिथं डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. शेतकऱ्यांचा एवढा समुदाय उघड्यावर बसवायचा, तर मागच्या रांगेतल्या माणसालाही शब्द कळायला हवा. ध्वनिक्षेपकाशिवाय असं राजकारण पुढे फार वाढू शकलं नसतं.

हे साधतं कसं? कागदी कोनाच्या साध्या स्पीकरला शंभर वॅट दिले, तर जेमतेम एक-दोन वॅटांचा आवाज होतो. बाकीची शक्ती उष्णता होऊन जाते. हवा फार हलकी असते, पडदा तिला नीट धरूच शकत नाही. भोंग्याचा अरुंद गळा तिथं मदतीला येतो. पडदा हवेच्या छोट्या खांबावर जोर देतो आणि तो जोर हळूहळू रुंद होत बाहेर पडतो. चांगल्या भोंग्यात शंभरातले वीस-पंचवीस वॅट आवाजात उतरतात. म्हणून तर वीज नसलेल्या गावात मोटारीच्या बॅटरीवर सभा होत असे.

आता दुरुस्तीकडे वळू. भंगारवाल्याकडे भोंगा किलोवर मिळतो, तो त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमसाठी. मागचं युनिट फिरवून काढायचं आणि मल्टिमीटर लावायचा. सोळा ओहमचं युनिट अकरा-बारा ओहम दाखवत असेल तर कॉइल शाबूत आहे. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली. मग डायफ्राम बदलायचा. नवा बसवण्याआधी मॅग्नेटच्या फटीत साचलेला लोखंडाचा कीस चिकटपट्टीने काढून घ्यावा, नाहीतर आवाज खरखरतो. मॅग्नेट मात्र उकलू नये. जुन्या अल्निको चुंबकाची शक्ती उकलल्याबरोबर उतरते आणि घरी ती पुन्हा भरता येत नाही.

पत्र्याचे पोचे आतून वाळूची पिशवी लावून लाकडी हातोडीने हळूहळू काढावेत. पत्रा टणटण वाजत असेल तर मोटारीच्या तळाला मारतात तो रबरी रंग बाहेरून द्यावा.

रेल्वे स्टेशनसारख्या ठिकाणी लांबलचक तारांवर भोंगे असतात. तिथं शंभर व्होल्टची लाइन असते आणि प्रत्येक भोंग्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्सफॉर्मर नसलेलं सोळा ओहमचं युनिट अशा लाइनवर जोडलं, तर त्यावर सव्वासहाशे वॅटपर्यंतचा भार येऊ शकतो. तार क्षणात जळते. व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. स्विच बंद केल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत हात घालू नये.

नवा भोंगा बांधायचा तर थोडं गणित लागतं. ठरावीक अंतरावर पोकळीचं क्षेत्रफळ दुप्पट होत गेलं पाहिजे. तीनशे कंपनांपासून वरचा, म्हणजे बोलण्यापुरता आवाज हवा असेल, तर हे अंतर साधारण अडीच इंच येतं. एक इंची गळ्यापासून सुरुवात केली, तर सुमारे अर्ध्या मीटरवर चौदा-पंधरा इंची तोंड मिळतं. त्याखालचा एक सप्तक हवा असेल तर लांबी चार फुटांवर आणि तोंड अडीच फुटांवर जातं. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात थिएटरच्या पडद्यामागे खोलीएवढे भोंगे का असत, ते यावरून कळेल. रस्त्यावरच्या भोंग्यात तीच लांबी आतल्या आत दुमडलेली असते. मी जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा आणि खळ लावून, थरावर थर देऊन भोंगा करतो. तो पत्र्यासारखा किणकिणत नाही.

भोंग्याच्या ताकदीबाहेरचे खालचे सूर त्यात जाऊ देऊ नयेत. तिथं पडद्याला हवेचा आधार राहत नाही, तो वाजवीपेक्षा जास्त हलतो आणि फाटतो. सोळा ओहमच्या युनिटला ओळीत तेहेतीस मायक्रोफॅरडचा, दोन्ही बाजूंनी चालणारा कंडेन्सर जोडला की हे टळतं. मांडवातला भोंगा कर्कश लागतो तो बहुधा हे न पाळल्यामुळे, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या आवाक्यापलीकडे ताणल्यामुळे.

माझ्या ओसरीवर शेजारचे एक आजोबा येऊन बसतात. त्यांना कमी ऐकू येतं. घरातला टीव्ही कितीही मोठा केला तरी शब्द कळत नाहीत, म्हणून त्यांनी बातम्या ऐकणं सोडलं होतं. एका संध्याकाळी मी दुरुस्त केलेल्या भोंग्यावर प्रादेशिक बातम्या लावल्या, तेही अगदी हळू. त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्या आणि कापसाच्या भावावर माझ्याशी वाद घातला. त्यांचा कान बरा झाला नव्हता. पण ‘त’, ‘स’, ‘क’ ही बोलण्याची अणकुचीदार अक्षरं भोंगा ठसठशीत पुढे आणतो, त्यावर त्यांचं भागलं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. हे नियम मला भोंग्याच्या विरुद्ध वाटत नाहीत. ज्याला एका वॅटमध्ये अंगणभर ऐकू जातं, त्याच्यात शंभर वॅट ओतायची गरज कुणाला असते?

तुमच्या माळ्यावर, एखाद्या मंडळाच्या खोलीत जुना भोंगा पडला असेल, तर किलोवर देण्याआधी एकदा युनिट काढून तपासा. चालू निघाला तर आवाजाचं बटण थोडंसंच फिरवा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा.