बुरशीनाशके आणि पुरुषांचे प्रजननस्वास्थ्य
(नरडाणा येथे वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमच्या डॉक्टरांचा. परंतु कागदपत्रे रोज माझ्या नजरेखालून जातात आणि त्यांतील एक बाब मनाला खटकते. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या दांपत्यात पत्नीच्या तपासण्यांची जाडजूड फाईल असते, पतीचा मात्र एकही कागद नसतो. वास्तविक अशा सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील दोष एकट्याने अथवा अंशतः कारणीभूत असतो. वीर्यतपासणी ही साधी, अल्पखर्ची आणि वेदनारहित तपासणी. तीच शेवटी होते किंवा होतच नाही. तोवर घरात दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झालेली असते.

आपला परिसर शेतीचा. बियाण्याला बुरशीनाशक उघड्या हातांनी चोळणे, कांद्यावर वा मिरचीवर पाठीवरच्या पंपाने फवारणे, शेजारच्या रावेर-यावल भागात केळीच्या करप्यासाठी वारंवार फवारणी करणे, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. ती कीटकनाशके होती आणि त्यांचा परिणाम तत्काळ दिसला. बुरशीनाशकांचा हा परिणाम डोळ्यांना दिसत नाही.

कार्बेन्डाझिम हे औषध बुरशीच्या पेशींचे विभाजन थांबवते. प्रयोगशाळेतील उंदरांना ते मोठ्या मात्रेत दिले असता वृषणातील शुक्रजंतू तयार होण्याची प्रक्रिया बिघडते, हे सिद्ध झाले आहे. युरोपीय संघाने त्याची गणना प्रजननास बाधक द्रव्यांत केली. २०१४ नंतर तेथे त्यास मान्यता नाही. आपल्या केंद्र सरकारच्या २०२० मधील २७ कीडनाशकांच्या बंदीच्या मसुद्यात कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब (शेतकऱ्यांचे ‘एम-४५’) ही दोन्ही होती. सरसकट बंदी मात्र त्यांच्यावर आली नाही. माणसांतील पुरावा अद्याप तोकडा आहे. म्हणून प्रत्येक निपुत्रिकाचे खापर औषधावर फोडणे योग्य होणार नाही.

तथापि शेतीच्या रसायनाने पुरुष वंध्य होऊ शकतो, याचा निर्विवाद दाखला जगाने पाहिला आहे. डीबीसीपी हे बुरशीनाशक नव्हे, सूत्रकृमिनाशक. १९७७ साली कॅलिफोर्नियातील ते बनविणाऱ्या कारखान्यात कामगारांच्या आपसांतील बोलण्यातून लक्षात आले, की आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प वा शून्य आढळले. पुढे कोस्टा रिकाच्या केळीबागांतील मजुरांचीही तीच गत झाली. काहींची स्थिती काम सुटल्यावर सुधारली, काहींची कधीच नाही. कामगार आपसांत बोलले म्हणून ते उघड झाले. आपल्याकडे या विषयावर पुरुष बोलतच नाहीत.

शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून एका अहवालावरून निष्कर्ष न काढता, फवारणीचे काम थांबवून तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी, असे आमचे डॉक्टर सांगतात. तोवर हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी, काम संपताच आंघोळ आणि फवारणीचे कपडे वेगळे धुणे एवढे तरी पाळावे.

विश्वस्त मंडळापुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. वंध्यत्वाच्या केसपेपरवर पतीचा व्यवसाय, त्याने हाताळलेली औषधे आणि शेवटच्या फवारणीची तारीख यांसाठी रकाना असावा. याला छपाईखेरीज खर्च नाही. दुसरी, नमुना देण्यासाठी प्रयोगशाळेलगत आतून कडी असलेली एक स्वतंत्र खोली. आज त्यासाठी सार्वजनिक स्वच्छतागृह दाखवावे लागते आणि पुष्कळ पुरुष तेथूनच परत जातात. जिन्याखालची भांडाराची जागा त्यासाठी रिकामी करता येईल. कोणा देणगीदाराने ही खोली आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ द्यावयाची ठरविल्यास पाटी लावण्यास आमची हरकत नाही. फक्त पाटीवर खोलीचा उपयोग लिहू नये.