गच्चीवरून तेजोमेघ

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात हैदराबाद येथे दिलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याचा मान आपण एका शाळामास्तराला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. "तुमच्या दुर्बिणीविषयीच बोला," अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय आवडीचा, म्हणून मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

लहानपणी ईदचा चाँद पाहायला अब्बांचे बोट धरून मी गच्चीवर जाई. कोर दिसली की सारे खाली धावत. मी मात्र वरच रेंगाळे. त्या रेंगाळण्यातूनच हा छंद जडला. आज त्याच गच्चीवर ८० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण आणि कोणीतरी वापरून विकलेला एक डिजिटल कॅमेरा, एवढाच माझा संसार आहे.

थंडीत दिसणारे मृग नक्षत्र आपणां सर्वांच्या ओळखीचे. हरणाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण मुलेही दाखवतात. त्या बाणाच्या जरा दक्षिणेला एक धूसर ठिपका आहे. तो तारा नव्हे; तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धूळ यांचा प्रचंड मेघ. त्यात नवे तारे जन्मतात. त्याचे अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश सातव्या शतकात निघालेला आहे.

१८८० साली ३० सप्टेंबरच्या रात्री हेन्री ड्रेपर या अमेरिकन संशोधकाने या मेघाचे छायाचित्र घेतले. कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिलेच. त्यासाठी ५१ मिनिटे प्रकाश साठवावा लागला. पुढे १८८३ साली इंग्लंडात अँड्र्यू कॉमन यांनी घेतलेल्या चित्रात तर डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. आपल्या शहरालाही ही विद्या परकी नाही. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापलेल्या निजामिया वेधशाळेने काचेच्या पट्ट्यांवर आकाश टिपून लाखो ताऱ्यांची नोंद केली, आणि जगातील अनेक वेधशाळांच्या संयुक्त कार्यात आपला वाटा उचलला.

आता माझी फजिती ऐका. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून दुर्बीणही त्याच गतीने उलट फिरवावी लागते. त्यासाठी तिच्या बैठकीचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. हैदराबादेत ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर, आणि माझ्या गच्चीवर नेमका पाण्याच्या टाकीआड! दुर्बीण दुसऱ्या कोपऱ्यात नेली. मोठ्या उमेदीने सलग दहा मिनिटांचे चित्र घेतले. मेघ कुठेच नाही. रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळसर उजेड तेवढा भरून राहिलेला.

मग युक्ती कळली. तीस-तीस सेकंदांची १२० चित्रे घ्यायची, म्हणजे एक तास झाला. प्रत्येक चित्रात कॅमेऱ्याचे दाणे असतात. पण ते दर वेळी निराळ्या जागी, आणि मेघ मात्र आपल्या जागी. शंभर चित्रे एकावर एक बसवून सरासरी काढली की दाणे दहापट निवतात. झाकण घालूनही काही चित्रे घ्यायची. त्यांत कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष उतरतात, ते वजा करायचे. मेघाचा गाभा फार तेजस्वी, म्हणून त्याच्यासाठी दोन-तीन सेकंदांची चित्रे वेगळी. असे करता करता एका पहाटे संगणकाच्या पडद्यावर पंख पसरलेला मेघ उमटला. घरच्यांना झोपेतून उठवून दाखवला!

उत्साहाच्या भरात मी त्याचा रंग चांगला गडद केला आणि चित्र वर्गात टांगले. पुढे मुलांना दुर्बिणीतून तोच मेघ दाखवला. आठवीतली एक मुलगी डोळा बाजूला करून म्हणाली, "सर, इथे तर राखी दिसतो. तुमच्या चित्रात लालभडक आहे. खरे कोणते?"

मी गडबडलो. उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही, म्हणून मेघ राखी दिसतो. तेथील हायड्रोजनचा लाल प्रकाश मात्र खरा आहे. कॅमेरा तो साठवून दाखवतो. इथपर्यंत चित्र सच्चे. पण तो 'भडकपणा' हायड्रोजनचा नव्हता, माझ्या हाताचा होता. हे मी वर्गात सर्वांसमोर कबूल केले. जे आहे पण दिसत नाही, ते दाखवणे ही विद्या; जे नाही, ते भरणे ही लबाडी. दोहोंमधली रेघ फार बारीक असते, आणि ती मला माझ्या विद्यार्थिनीने दाखवली.

ते चित्र मी उतरवले आणि नवे लावले. त्याच्याखाली आता लिहिलेले असते: किती चित्रे, किती सेकंद, काय वजा केले, रंग किती वाढवला. कोणीही विचारावे, हिशेब तयार आहे.

मंडळी, आपला न्यासही असाच चालत आला आहे. लहान लहान देणग्या एकावर एक ठेवून येथील मुलांची फी भरली गेली, आणि दर वर्षी जमाखर्च सर्वांपुढे मांडला गेला. एकेका देणगीतून फार काही उमटत नाही. पण जमवणाऱ्याने धीर धरला आणि हिशेब चोख ठेवला, तर अंधारातूनही चित्र उभे राहते.

येत्या थंडीत आपण सहकुटुंब माझ्या गच्चीवर यावे. जिना अरुंद आहे, जपून चढावे. चहा आमच्याकडून.