काळ्या दगडावरची रेघ

सोलापूर जिल्ह्यांतील श्रीपूर हें साखरेचें गांव. उसाची गाडी कारखान्यांत आली कीं प्रथम वजनकाट्यावर उभी राहते, आणि तेथील आंकड्यावर शेतकऱ्याचें वर्षाचें उत्पन्न ठरतें. काट्याच्या जुळणीला कोणी हात लावूं नये म्हणून त्यावर सरकारी मोहोर असते. परंतु आतां काटे संगणकाला जोडलेले असतात. त्या संगणकाच्या पोटांतील जुळणीवर मोहोर कशी लावावयाची?

संगणकाच्या कारभाराचा गाभा म्हणजे कर्नेल. लिनक्स हा असाच एक कर्नेल. लिनस टोर्वाल्ड्स यांनीं तो 1991 सालीं प्रसिद्ध केला. पडदा, कळफलक, काटा अशा प्रत्येक उपकरणाशीं बोलण्यासाठीं कर्नेलपाशीं एक दुभाषा असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरजवळ एक कोष्टक असतें : उपकरण उघडावयाचें तर या पत्त्यावर जा, वाचावयाचें तर त्या पत्त्यावर जा. कर्नेल तेथें डोळे मिटून जातो. कोणा दुष्टानें त्यांतील एकच पत्ता बदलला, तर कर्नेलची सारी सत्ता त्याच्या हातीं जाते. मग काट्यानें एक आंकडा सांगितला आणि पडद्यावर दुसराच उमटला, तरी कोणास कळावें?

वास्तविक हें कोष्टक एकदां लिहिल्यावर बदलण्याची गरज बहुधा पडतच नाहीं. मग तें पाटीवर कां लिहावें? काळ्या दगडावर कां नको? सी भाषेंत त्याच्या आरंभीं ‘कॉन्स्ट’ हा शब्द घातला म्हणजे दोन गोष्टी साधतात. तें बदलूं पाहणारें वाक्य कोणी चुकून लिहिलें, तर कंपायलर तेथेंच हरकत घेतो. शिवाय, यंत्र चालूं असतांना स्मृतीच्या ज्या पानावर तें कोष्टक असतें, त्यावर ‘केवळ वाचनासाठीं’ अशी खूण राहते. तेथें लिहूं जाणाऱ्यास प्रोसेसर अडवितो, मग तो खुद्द कर्नेल कां असेना!

अशीं कोष्टकें हुडकण्याचें काम ज्युलिया लॉल व त्यांचे सहकारी यांच्या कॉक्सिनेल या साधनानें पुष्कळ सुकर केलें. कांहीं कोष्टकें यंत्र सुरू होतांना भरावीं लागतात. त्यांच्यासाठीं 2016 पासून ‘आधीं भरा, मग कुलूप लावा’ अशी सोय लिनक्समध्यें आहे.

हा उपाय रामबाण नव्हे. पानांच्या खुणाच ज्यास बदलतां येतात, त्यास ही भिंत अडवीत नाहीं. कोष्टकाचा ठावठिकाणा सांगणारी नोंद बदलून कर्नेलला खोट्या कोष्टकाकडेहि नेतां येतें. तरीहि चोराची एक मोठी वाट बंद होते, हें थोडें नव्हे.

सर्वसत्ताधीशानें आपलाच हात आपण बांधून घ्यावा, हें यांतील मर्म. जें बदलण्याची कोणासच गरज नाहीं, तें बदलण्याची मुभा तरी कोणास कां असावी?