गाडीचे पाचवे चाक

मोटारीच्या डिकीत पडून असलेल्या जादा चाकाला आपल्या देशात बहुतेक सर्वत्र 'स्टेपनी' म्हणतात. नागपूरचा गॅरेजवाला हाच शब्द वापरतो आणि बडोद्याचा, इंदूरचा किंवा हैदराबादचाही. हा शब्द मूळचा एका रस्त्याच्या नावाचा आहे. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लानेली नावाचे गाव आहे. तेथील स्टेपनी स्ट्रीटवरून डेव्हिस बंधूंनी आपल्या 1904 सालच्या शोधाला हे नाव दिले. त्या काळी मोटारीचे चाक सहजासहजी काढता येत नसे. पंक्चर झाले, की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवावयाचा आणि ट्यूब जोडावयाची, एवढाच मार्ग उरे. डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेली नुसती रिम घेतली आणि तिच्यावर हवा भरलेला टायर चढविला. ही रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाजूने आवळून बसवावयाची आणि मुक्काम गाठावयाचा, अशी ती युक्ती होती.

म्हणजे स्टेपनी जन्मापासूनच तात्पुरती सोय होती. पुढे नट सोडून अख्खे चाक बदलता येऊ लागले, आणि जादा चाक इतर चौघांच्या बरोबरीचे झाले. या बरोबरीची मोटार चालविणाऱ्यांना इतकी सवय झाली, की 'चाक म्हणजे चाक' अशी समजूत रूढ झाली. अलीकडे मात्र अनेक लहान गाड्यांत चार चाके एका मापाची आणि पाचवे त्याहून लहान, अशी योजना असते. त्यात खर्च, वजन आणि जागा वाचते. ही योजना गैर नाही. परंतु ती ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून चूक होण्याचा संभव आहे.

ही चूक समजण्यासाठी टायरच्या अंगावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. 165/70 आर 14 याचा अर्थ असा: टायरची रुंदी 165 मिलिमीटर, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या 70 टक्के, रचना रेडियल, आणि आतल्या रिमचा व्यास 14 इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन हिशेब नांदतात. त्यावरून या चाकाचा पूर्ण व्यास सुमारे 587 मिलिमीटर येतो. त्याच गाडीत स्टेपनी 155/80 आर 13 मापाची असेल, तर तिचा व्यास सुमारे 578 मिलिमीटर भरतो. रिम एका इंचाने लहान असूनही बाहेरचा फरक एक सेंटिमीटरहूनही कमी. उत्पादकाने ही जोडी हिशेबाने जमविलेली असते.

तरीही लहान चाक दर किलोमीटरला सुमारे आठ फेरे अधिक घेते. एकाच अक्षावरील दोन चाकांचे फेरे असे कमीजास्त झाले, तर ते सांभाळून घेण्याचे काम डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची जुळणी करते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून ती योजलेली आहे. सरळ रस्त्यावर तिला विश्रांती असते. विषम चाके बसविली, की ही विश्रांती संपते. आठ फेऱ्यांचा भार थोडा वेळ सोसता येतो. तो कायमचा लादणे इष्ट नव्हे.

खरा धोका पुढेच आहे. स्टेपनी झिजली, की काटकसरी मालक जुन्या बाजारात जाऊन 'तेरा नंबरचा टायर द्या' एवढेच सांगतो. त्याला 155/65 आर 13 मिळाला, तर रिमवर तो बिनतक्रार चढतो. परंतु त्याचा व्यास सुमारे 532 मिलिमीटर, म्हणजे 155/80 आर 13 पेक्षा जवळजवळ पाच सेंटिमीटर कमी. या दोन टायरांत किलोमीटरमागे 48 फेऱ्यांचा फरक पडतो. नंबर तोच, चाक निराळे. नट बसले म्हणजे चाक जुळले, असे मानण्याची चूकही याच जातीची आहे.

विषम चाकांमुळे ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते. शिवाय, भारतात एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. ही यंत्रणा चारही चाकांच्या गतींची सतत तुलना करते. एक चाक विनाकारण वेगळ्या गतीने फिरू लागले, तर तिच्याही निर्णयात गोंधळ होण्याचा संभव असतो. कसाऱ्याच्या घाटात, पावसाळी रात्री, मुलाबाळांनी भरलेल्या गाडीत या गोष्टींचे मोल कळते.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. लहान स्टेपनीवर वेगमर्यादेची सूचना असते. ती बहुधा ताशी 80 किलोमीटरची असते, आणि ती पाळावी. गाडी पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी असेल आणि पंक्चर पुढे झाले असेल, तर शक्यतो मागचे चांगले चाक पुढे आणावे व स्टेपनी मागे लावावी. मूळ चाक दुरुस्त होताच ते परत बसवावे. हवा तपासताना स्टेपनीला वगळू नये. पडून राहिलेले रबरही म्हातारे होते. टायरवरील चार अंकी तारीख 2319 असेल, तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. दहा वर्षे उलटलेल्या टायरवर, तो कितीही कोरा दिसला तरी, विसंबू नये.

2020 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. टायर ट्यूबलेस असतील आणि हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. खिळ्याच्या छिद्रावर हा संच उपयोगी पडतो. टायरची भिंत फाटली, तर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून गाडी विकत घेतानाच डिकीचे झाकण उचलावे, पाचवे चाक आहे की नाही ते पाहावे, आणि असेल तर त्याच्यावरचे आकडे इतर चौघांशी ताडून घ्यावेत. ते निराळे असले, तर ती स्टेपनी मुक्काम गाठण्यापुरतीच आहे, हे ओळखावे. हे वाचन घराच्या अंगणात, दिवसाउजेडी झालेले बरे.