जंतूंची भाऊबंदकी



जंतु म्हटला कीं तो मनुष्याचा वैरी, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही रूढ आहे. परंतु जंतूंचें आपसांतही वैर असतें आणि त्या वैराचा लाभ मनुष्यास नकळत रोज मिळत असतो. १९२५ सालीं बेल्जममध्यें आंद्रे ग्राशिया ह्या संशोधकास असें आढळलें कीं, आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय जंतूचा एक वाण त्याच जंतूच्या दुसऱ्या वाणाची वाढ खुंटवितो. पहिला वाण जें मारक द्रव्य सोडतो, त्यास पुढें कोलिसिन हें नांव मिळालें. भाऊबंदकी ही कांहीं केवळ मनुष्याची मिरास नव्हे!

शत्रूस अडवावयाचें तर आधीं तो ओळखला पाहिजे. साल्मोनेला हें अशाच एका जंतुकुळाचें नांव. त्यांतील एका प्रकारानें विषमज्वर होतो. दुसरे अनेक प्रकार दूषित अन्नावाटे शिरून जुलाब, वांती व ताप आणतात. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र सारे सारखेच, आंखूड काड्यांसारखे दिसतात. मग अमुक एक निवडावा कसा? ह्या जंतूंच्या अंगावर व त्यांच्या पोहण्याच्या तंतूंवर विशिष्ट द्रव्यें असतात. एकेका द्रव्याशीं जुळणारी रक्तलस तयार करून तिचा थेंब कांचेवर जंतूंत मिसळतात. जुळणी झाली तर जंतूंच्या बारीक गुठळ्या होतात. न झाली तर द्रव एकसारखा गढूळ राहतो. कौफमान व व्हाइट ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या ह्या पद्धतीनें २,५०० हून अधिक प्रकार वेगळे काढतां आले आहेत. आतां तर जंतूंचा जनुकक्रम वाचूनही ही ओळख पटवितात.

हा नुसता नांवें देण्याचा खटाटोप नव्हे. दोन गांवच्या रोग्यांत एकच वाण सांपडला, तर दोघांच्याही दुखण्याचें मूळ एकाच अन्नांत असावें, असा माग काढतां येतो.

ओळख पटल्यावर अडवणूक कशी होते, ह्याचें उदाहरण फिनलंडमध्यें घडलें. १९७१ सालीं तेथील कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस हा प्रकार फैलावला. नुर्मी व रांताला ह्या संशोधकांनीं पाहिलें कीं, यंत्रांत उबवलेल्या कोवळ्या पिलांच्या आंतड्यांत हा जंतु सहज ठाण मांडतो. आईच्या सहवासास मुकलेल्या त्या पिलांचें आंतडें म्हणजे रिकामें घरच! त्यांनीं निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आंतड्यांतील द्रव्य पिलांस पाजलें. तेव्हां पिलांच्या पोटीं साल्मोनेलाचा शिरकाव होणें कठीण झालें. हें वृत्त १९७३ सालीं प्रसिद्ध झालें. आधीं आलेले जंतु जागा अडवितात, अन्न खाऊन टाकतात व आम्लें निर्माण करतात. मग नव्या पाहुण्यास थारा मिळत नाहीं.

ह्याची दुसरी बाजू त्याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९५४ सालीं अमेरिकेंत बोनहॉफ व तिच्या सहकाऱ्यांनीं उंदरांस स्ट्रेप्टोमायसिन पाजलें. साध्या उंदरांस रोग जडण्यास साल्मोनेलाचे सुमारें एक लाख जंतु लागत. औषध घेतलेल्यांस दहांहूनही कमी पुरले. औषधानें शत्रु मरण्यापूर्वींच घरचे पहारेकरी मारले होते!

अशीं प्रतिजैविकें वैद्याच्या हातीं संजीवनीच आहेत, आणि विषमज्वरांत तीं टाळणें घातक ठरेल. परंतु साधें पोट बिघडलें कीं कपाटांतील उरलेली गोळी मुलास देणें, ही गोष्ट निराळी. त्यापेक्षां हात साबणानें धुवावे, अंडीं व मांस नीट शिजवावें, पाणी उकळून प्यावें, आणि औषधाचा निर्णय वैद्यावर सोंपवावा. पोटांतल्या पहारेकऱ्यांना निष्कारण मारूं नये. त्यांच्याच वैरावर आपलें आरोग्य पुष्कळसें विसंबून आहे.